गरम पाण्याचा झरा कुणाच्या बापाचा?

थंडी पडली की रत्नागिरी जिल्ह्यातल्या गरम पाण्याच्या कुंडांवर गर्दी सुरू होते. दापोली तालुक्यातले उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातले आरवली, तुरळ आणि राजवाडी, राजापूरजवळचे उन्हाळे ही त्यातली माहितीतली नावे. नदीचे खोरे, आजूबाजूला झाडी आणि मधेच जमिनीतून वाफाळत वर येणारे पाणी. मुंबई-पुण्याहून गावी येणारी आपली पोरे-पोरीही तिथे जातात, रील बनवतात आणि परत येतात. एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. हे पाणी कुणाचे?

विचारलाच तर दोन उत्तरे मिळतात. गावकी सांगते, "देवाचे." आणि आपल्यातले काही उत्साही कार्यकर्ते सांगतात, "बुद्धाचे, इथे आधी विहार होता." माझे म्हणणे असे आहे की ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. पहिले उत्तर अन्यायाचे आहे, दुसरे आळसाचे. हे पाणी सार्वजनिक आहे, आणि आंबेडकरी चळवळीने या झऱ्यांवर करायचा दावा एवढाच आणि हाच आहे.

आधी देवाचा हिशेब करू. पालघर जिल्ह्यातल्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत सुमारे 300 किलोमीटरच्या पट्ट्यात असे झरे ओळीने आहेत. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते. जितके खोल जावे तितका खडक तापलेला असतो. तिथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून वर येते. काही ठिकाणी ते 60 अंशांच्या वर असते, म्हणजे थेट उतरलात तर भाजाल. वास येतो तो गंधकाच्या वायूचा. यात कुणा ऋषीचा शाप नाही, कुणाचा बाण नाही आणि कुठल्या देवीचा कोपही नाही.

गंमत म्हणजे जुन्या लोकांनी या गावांना नावे ठेवली तीही देवावरून नाहीत. उन्हवरे, उन्हाळे, रायगडातले पालीजवळचे उन्हेरे, ही सगळी नावे 'उन्ह' या शब्दाची. उन्ह म्हणजे गरम. पाली भाषेत हाच शब्द 'उण्ह' असा आहे. नाव ठेवणाऱ्यांनी जे पाहिले ते सांगितले. देव मागून आला, आणि देवामागून देवाचे मानकरी आले.

आता आपल्या बाजूचे बघू. विनयपिटकात गरम पाण्याच्या झऱ्याची एक गोष्ट आहे, ती प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवी. राजगृहाजवळ, म्हणजे आजच्या बिहारमधल्या राजगीरला, तपोदा नावाचे गरम पाणी होते. तपोदा या नावाचा अर्थही गरम पाणी असाच. तिथे राजा बिंबिसार आंघोळीला आला, तर पाण्यात भिक्खू होते. राजा थांबला. भिक्खूंची आंघोळ काही संपेना. अंधार पडला, नगराचा दरवाजा बंद झाला आणि राजाला रात्र नगराबाहेर काढावी लागली. सकाळी ही हकीकत बुद्धांच्या कानावर गेली. त्यांनी राजाला बोल लावला नाही, भिक्खूंना लावला. पंधरवड्यातून एकदाच आंघोळ करावी असा नियम केला, आणि पुढे उन्हाळा, आजारपण, कष्टाचे काम, प्रवास, वारा-पाऊस यांच्यासाठी सवलती दिल्या.

या गोष्टीत पाणी बाटण्याचा प्रश्न कुठे येतो का? पुण्य येते का? प्रश्न एवढाच आहे की पाणी एक आहे आणि माणसे अनेक आहेत, तर वाटणी कशी करायची. राजाने सत्तेच्या जोरावर भिक्खूंना उठवले नाही, आणि संघाच्या थोरवीमुळे भिक्खूंना झरा अडवून बसायची मुभाही मिळाली नाही. सार्वजनिक पाण्याचा याहून सरळ धडा मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट थेरी पुण्णिकेची. ती दासी होती, पाणी भरणारी. मालकिणीच्या माराच्या भीतीने कडाक्याच्या थंडीतही नदीत उतरणारी. तिथे पाप धुवायला पाण्यात कुडकुडणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले की आंघोळीने पाप जात असेल, तर बेडूक, कासवे आणि मगरी सगळे स्वर्गात जातील का? पाण्याचे ओझे वाहणाऱ्या बाईने पाण्याचे थोतांड मोडले. आमच्या आया-आज्यांनीही ओझी वाहिली. माता रमाईंचे वणंद याच दापोली तालुक्यातले. त्यांचे वडील दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या वाहून पोट भरत. या मुलखातल्या पाण्यावर हक्क सांगायला आम्हाला कुणाची पुराणे लागत नाहीत.

आता महाड. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदावर खुले झाले. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरी तळ्याला हात लावायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. त्यानंतर सनातन्यांनी शेण-गोमूत्राच्या 108 घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. जे पाणी सगळ्यांची पापे धुते म्हणतात, ते माणसाच्या ओंजळीने बाटते आणि शेणाने शुद्ध होते, हे त्यांचे शास्त्र!

त्याहून महत्त्वाचे आहे ते न्यायालयात त्यांनी काय सांगितले ते. तळे सार्वजनिक नाही, आमच्या मालकीचे आहे आणि अनादी काळापासून वहिवाट आमचीच आहे, असे ते म्हणाले. दहा वर्षे खटला चालला. 17 मार्च 1937 रोजी उच्च न्यायालयाने ती वहिवाट सिद्ध होत नाही म्हणून त्यांचे अपील फेटाळले. हे दोन शब्द लक्षात ठेवा, मालकी आणि वहिवाट. पाणी अडवणारा आजही यांच्याच आड उभा असतो.

"आता कोण अडवतो?" असे विचारणारे भेटतात. जिल्ह्यातल्याच एका कुंडावर आमच्या शिबिरातली मुले घेऊन मी गेले होते. हात धरून कुणी अडवले नाही. एक वयस्कर गृहस्थ जवळ आले, गोड बोलले, मग विचारले, "कुठचे रे तुम्ही? कुठल्या वाडीतले?" मुलांनी वाडी सांगितली. त्यावर ते म्हणाले, "पाया पडून उतरा हो. इथले कडक आहे, काही कमीजास्त झाले तर आम्ही सांगितले नाही म्हणाल." आमच्या आधी उतरलेल्या टोळक्याला हा प्रश्न कुणी केला नव्हता. चार मुले काठावरच बसून राहिली. पोलीस ठाण्यात लिहून द्यायला यात काय आहे? काहीच नाही. समाजशास्त्र शिकताना जातीच्या व्याख्या पाठ केल्या होत्या, पण कोकणात जात वाडीच्या नावात राहते आणि नुसत्या एका प्रश्नाने काम भागवते.

म्हणूनच कायदा नीट वाचून ठेवा. संविधानाच्या कलम 15(2) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून अडवणूक करता येत नाही असे म्हटले आहे. अट एवढीच की ते ठिकाण पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून राखलेले असावे किंवा सर्व जनतेसाठी अर्पण केलेले असावे. अंशतः! म्हणजे कुंडाची डागडुजी, शेड, कपडे बदलायची खोली यांवर सरकारचा पैसा लागत असेल, तर 'आमचे खाजगी देवस्थान' ही भाषा टिकत नाही. नागरी हक्क संरक्षण कायदा 1955 च्या कलम 4 मधल्या यादीत तर नदी, ओढा, विहीर, तलाव यांच्याबरोबर झरा स्पष्ट लिहिलेला आहे. आणि पीडित अनुसूचित जातीचा असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणानेच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे समोरच्याने सिद्ध करायचे. 2015 च्या दुरुस्तीनंतर अॅट्रॉसिटी कायद्यातही झऱ्याचा उल्लेख आहे. झरा हा शब्द कायद्यात असताना आम्ही तो वापरत नसू, तर दोष कुणाचा?

आता आपल्याच लोकांशी दोन शब्द. "इथे विहार होता" असे पुराव्याशिवाय म्हणू नका. जिथे पुरावा आहे तिथे ठासून सांगा. दापोली तालुक्यातच पन्हाळेकाजीला कोटजाई नदीकाठी 29 लेणी आहेत. सुरुवात बौद्धांची, पुढे वज्रयान, मग नाथपंथी आणि गाणपत्य, असा सगळा इतिहास तिथे दगडात दिसतो. तिथे जा, अभ्यास करा. पण प्रत्येक कुंडाखाली स्तूप शोधत बसलो, तर आपणही पाण्याला मालकच शोधतो आहोत. देवस्थान काढून बुद्धस्थान लावले, तर उद्या गावातला मुसलमान, कातकरी, धनगर कुठे उतरणार? बाबासाहेबांनी चवदार तळे महारांचे केले नाही, माणसांचे केले. आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली माणसे कुंडावर नारळ फोडताना दिसतात, त्यांनी पुण्णिकेला काय उत्तर द्यायचे ते ठरवावे.

मग करायचे काय? ज्या कुंडावर जाल त्या जागेचा सातबारा काढा, जमीन सरकारी आहे, देवस्थानची आहे की खाजगी ते बघा. कुंडावर कोणत्या योजनेतून किती पैसा खर्च झाला ते माहितीच्या अधिकारात विचारा. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्याची नोंद बघा. ग्रामसभेत ठराव मांडा की झरा सार्वजनिक पाणवठा आहे आणि तसा फलक लागावा, त्यावर कलम 15 असावे आणि पाणी गरम का होते हेही असावे. बायकांना आडोसा, दिवा आणि कडी लागणारे दार असावे, कारण बायकांना उतरता येत नाही ते पाणी सार्वजनिक नसते. उद्या एखादा ठेकेदार कुंपण घालून तिकीट लावू लागला, तर त्यालाही हेच कागद दाखवा. मालक देवाचा असो की पैशाचा, कुंपण एकच असते.

20 मार्चला महाडला लाखो लोक येतात. तिथून काही किलोमीटरवर सावित्रीच्या काठी सव येथेही गरम पाणी आहे. येणारे जरूर जावेत. पाण्यात उतरावे, थकवा घालवावा, मजा करावी, ती आपल्या हक्काची आहे. फक्त कुणी वाडी विचारली, तर खाली मान घालून काठावर बसू नका. "भारताचा नागरिक" एवढे उत्तर द्या आणि उतरा.

जय भीम!