परिचारिकांचा पट आणि रुग्णांचे प्राण

कन्नडहून छत्रपती संभाजीनगरास जाणारा रस्ता सुमारे ६० किलोमीटरांचा आहे. प्रकृती चिंताजनक झालेल्या रुग्णास तालुक्यातून तेथील घाटी रुग्णालयात हलवावयाचे ठरले, की नातेवाईक दोन गोष्टींची चौकशी करतात : खाट मिळेल काय आणि श्वसनयंत्र मोकळे आहे काय? रात्रपाळीस त्या खाटेजवळ परिचारिका किती असतील, हे मात्र कोणी विचारीत नाही. वस्तुतः रुग्ण वाचणे पुष्कळदा याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

अतिदक्षता विभाग म्हणजे यंत्रांनी भरलेले दालन, अशी समजूत रूढ आहे. त्याचा इतिहास वेगळे सांगतो. १९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. श्वास घेऊ न शकणाऱ्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी बसवून व रबरी पिशवी हाताने दाबून त्यांना श्वास देण्याचा उपाय डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांनी योजिला. वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने अहोरात्र रुग्णांच्या उशाशी बसले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटले. पुढे हाताचे काम यंत्राने उचलले. उशाशी बसून लक्ष ठेवण्याचे काम मात्र माणसाकडेच राहिले. नळीत साचलेला कफ काढणे, शय्याव्रण होऊ नयेत म्हणून रुग्णास कुशीवर वळविणे, रक्तदाब उतरू लागताच डॉक्टरांना बोलाविणे, ही कामे आजही परिचारिकाच करते.

म्हणूनच अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीस एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. शिवाय रजेसाठी तीस टक्के राखीव मनुष्यबळ धरावे लागते. साधा हिशेब करावा. दहा खाटा, तीन पाळ्या, म्हणजे तीस परिचारिका. रजेचे धरून एकोणचाळीस. दहा श्वसनयंत्रांच्या खरेदीची बातमी थाटाने छापून येते. या एकोणचाळीस पदांच्या भरतीचे काय झाले, याची चौकशी क्वचितच होते.

या दुर्लक्षाची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु दक्षता विभागास आग लागून दहा अर्भके दगावली. चौकशीनंतर वैद्यकीय अधिकाऱ्यांबरोबर परिचारिकांवरही कारवाई झाली. २०२३ च्या ऑक्टोबरारंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण मृत्यू पावले. त्यांपैकी बारा नवजात होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. या घटनांची कारणे एकच नव्हती, हे खरे. कर्तव्यात कसूर करणाऱ्यास शासन व्हावे, याविषयीही दुमत नाही. परंतु पाळीवरील परिचारिकेस जाब विचारताना, तिच्याकडे किती रुग्ण सोपविले होते आणि पदे रिक्त कोणी ठेवली, हेही त्याच चौकशीत विचारले गेले पाहिजे. अन्यथा शिक्षा होईल आणि विभाग पूर्ववत चालू राहील.

सरकारी आरोग्यसंस्थांसाठी केंद्र शासनाने २०१३ साली राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानके लागू केली. तपासणी, गुणांकन, प्रमाणपत्र असे त्यांचे स्वरूप आहे. हा उपक्रम स्वागतार्हच होय. तथापि तपासणीच्या दिवशीची टापटीप म्हणजे गुणवत्ता नव्हे. कोणत्याही रात्री तीन वाजता मिळणारी शुश्रूषा हीच तिची कसोटी होय.

यास्तव दोन गोष्टी तातडीने व्हाव्यात. प्रत्येक अतिदक्षता विभागाच्या दाराशी त्या पाळीतील रुग्णांची व परिचारिकांची संख्या फलकावर लिहिली जावी. तसेच प्रत्येक मृत्यूच्या परीक्षणात ही संख्या नोंदविली जावी. यास फारसा खर्च नाही. लागतो तो सत्य उघडे ठेवण्याचा निर्धार. कन्नडच्या शेतकऱ्याला वैद्यकशास्त्र कळत नसेल, पण फलकावरील दोन आकडे त्याला निश्चित वाचता येतात. ते वाचण्याचा हक्क त्याला मिळाला पाहिजे.