एक मडकं आपल्या मनाचं

उन्हाळा लागला की आमच्या घरातली पहिली खरेदी माठाची. फ्रिज आला तरी दादीजानची सवय आम्ही सोडलेली नाही. इफ्तारला माठातलंच पाणी लागतं. आठवडी बाजारात आमचे कुंभारमामा ठरलेले. बोटाच्या पेरानं माठ वाजवायचा, ठणठणीत वाजला की घ्यायचा, एवढंच आमचं ज्ञान.

यंदा मामांच्या ढिगात चार माठ वेगळे दिसले. थापटण्याचे ठसे अंगभर तसेच. आम्हाला वाटलं, काम अर्धवट राहिलं. मामा हसले. "गुरुजी, चाळीस वर्षं ह्या खुणा पुसत आलो. माझ्या बापानं पुसल्या म्हणून मीबी पुसल्या. औंदा म्हटलं, राहू द्याव्यात. हाताची सही हाय ती."

आम्ही विचारलं, "गिऱ्हाईक घेतं का?"

"दोन गेले. दोन ऱ्हायले. पर करताना मजा आली, ते कुठं जातंय?"

मग त्यांनी आपली रीत सांगितली. दर आव्यात बाजाराचा माल भरायचा, कारण पोट त्यावर आहे. पण एक मडकं आपल्या मनाचं ठेवायचं. ते फसलं तरी नुकसान एका मडक्याचं, आणि साधलं तर पुढचे सहा महिने हात ताजा राहतो.

"म्हणजे नियम मोडायचे?" आम्ही मास्तरी प्रश्न टाकला.

"बापाचा मोडावा, मातीचा न्हाई," मामा म्हणाले. एका वर्षी लग्नसराईच्या घाईत त्यांनी ओली मडकी आव्यात घातली. आतल्या पाण्याची वाफ झाली, तिला बाहेर पडायला वाट मिळेना, आणि निम्मा आवा फुटला. सावलीत पुरतं वाळवणं, आधी मंद आच देणं, मातीत राख किंवा लीद बेतानं मिसळणं हे नियम माणसानं केलेले नाहीत, ते मातीचे आहेत. माठ कसा दिसावा, हा मात्र नुसता रिवाज.

हे ऐकून आम्हाला आपल्याच जिल्ह्यातलं तेर आठवलं. संत गोरा कुंभारांचं गाव म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. पण तेरची माती त्याहून जुनी गोष्ट सांगते. प्राचीन तगर ते हेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव येतं; इथला माल भडोचच्या बंदराकडे जात असे. तिथल्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही जोडून आतून पोकळ मूर्ती. ही दुहेरी साच्याची पद्धत रोमशी चाललेल्या व्यापारातून आली, असं अभ्यासक मानतात. परक्या मुलखाची युक्ती तेरच्या कारागिराने घेतली, पण चेहरे आणि दागिने इथलेच ठेवले.

आजच्या काळातलं उदाहरण ब्रह्मदेव राम पंडित यांचं. बिहारमधल्या परंपरागत कुंभार घराण्यातला हा माणूस मुंबईजवळ भाईंदरला स्थिरावला. घरच्या लाल मातीवर न थांबता त्यांनी उंच तापमानात भाजलेल्या, झिलई दिलेल्या भांड्यांचं काम केलं. 2013 साली त्यांना पद्मश्री मिळाली. चाक तेच राहिलं, पण त्यावर काय घडवायचं ते बदललं.

वाचकहो, आता आमची कबुली. मागच्या वर्षी कार्यानुभवाच्या तासाला सातवीतल्या एका मुलाने मातीचा हत्ती केला, सोंड पाठीवरून मागे वळवलेली. आम्ही म्हणालो, "असा हत्ती असतो का?" आणि गोळा चुरगाळून पुन्हा करायला लावला. त्याने पुस्तकातल्यासारखा हत्ती केला, आम्ही मार्क दिले. त्यानंतर तो मुलगा कुठल्याच कामासाठी हात वर करीना. वीस वर्षं शिकवून आमचा हात सरावला होता, पण मन शिळं झालं होतं. नियम मातीचा की बापाचा, हे आम्ही तपासलंच नव्हतं.

परवा मामांकडून मातीचा गोळा मागून आणला आणि त्या मुलापुढे ठेवला. आधी त्याची माफी मागितली. तो गोंधळला, मग हळूच म्हणाला, "सर, काय करू?"

"तुला हवं ते कर. फक्त सावलीत पुरतं वाळू दे."

गोळा अजून वर्गाच्या खिडकीत ओल्या फडक्याखाली आहे. रोज मधल्या सुट्टीत तो फडकं उचलतो, थोडं काम करतो, पुन्हा झाकतो. काय होतंय ते आम्ही विचारलेलं नाही.

मामांकडचे उरलेले दोन माठही आम्ही घेतले. एक घरी, एक शाळेत. पाणी तितकंच गार होतं.