गाडीचा साज

मोटारगाडीच्या रंगकामाची चर्चा सांस्कृतिक पानावर कशाला, असा प्रश्न काही वाचक विचारतील. माझे उत्तर सरळ आहे. ज्या वस्तूवर माणूस आपल्या हाताने रेघ ओढतो, निरनिराळे भाग जुळवून जिला मनासारखे वळण देतो, ती वस्तू संस्कृतीच्या कक्षेत आलीच. हुबळीच्या विद्यानगरात मी संगीत शिकवतो. येथे १९४७ साली निघालेले भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय २०१५ पासून केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ झाले आहे. त्यामुळे या वस्तीत यंत्रवेड्या तरुणांची वाण नाही. कोणी गाडीच्या दारांवर ज्वाळा रंगवतो, कोणी रुंद चाके बसवतो. आणि वडीलधारी मंडळी ‘थिल्लरपणा’ एवढे म्हणून मोकळी होतात. हा निकाल मला मान्य नाही.

गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहावी, हा आग्रह अलीकडचा आहे. मेबॅक हा जर्मन कारखाना इंजिन आणि सांगाडा तयार करी. वरचे अंग दुसरे कारागीर गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे बांधीत. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात छत्रपतींची जुनी मेबॅक चौकात येते, तेव्हा तिला कोणी थिल्लर म्हणत नाही. कलकत्त्याच्या मॅथ्यूसन नावाच्या धनिकाने १९१० साली इंग्लंडातून हंसाच्या आकाराची गाडी करवून आणली. तिच्या चोचीतून वाफ निघे! रस्त्यावर अशी धांदल उडाली की पोलिसांना तिला मज्जाव करावा लागला. आज तीच गाडी हेगच्या लाउमन संग्रहालयात मानाने उभी आहे. अलेक्झांडर काल्डर या अमेरिकन शिल्पकाराने १९७५ साली बीएमडब्ल्यूची शर्यतीची गाडी रंगवली. अँडी वॉरहॉलने १९७९ साली दुसरी गाडी अर्ध्या तासाच्या आत आपल्या हाताने रंगवली. दोन्ही गाड्या ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत धावल्या आणि वॉरहॉलची सहावी आली.

एकाचा भाग दुसऱ्याला जुळवणे ही तर आपली जुनीच विद्या. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात सहकाऱ्यांसह सिनेमाचा कॅमेरा घरचाच बनवला, आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आली. आमची पेटी युरोपातून आली. कलकत्त्यात ती हाताने भाता मारण्याजोगी झाली आणि गवयाशेजारी येऊन बसली. २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात दिसलेल्या ‘अवंती’ या देशी स्पोर्ट्‌स कारमध्येही इंजिन रेनॉचेच होते. कलावंताला यंत्राचे वावडे असते, असे समजणाऱ्यांनी गदगच्या पंडित भीमसेन जोशींना आठवावे. मैफलींसाठी ते लांबलांबचे प्रवास स्वतः गाडी हाकीत करीत, आणि इंजिनाची नाडीही त्यांना कळे.

परंतु स्वातंत्र्याचीही जागा असते. दरबारी गवयाचा मुलगा म्हणून मी लहानपणापासून तंबोरा पाहत आलो. त्याच्या भोपळ्यावर हवी तेवढी नक्षी काढा, रंग नवा द्या. वडिलांची हरकत नसे. जवारीला मात्र मिरजेच्या कारागिराखेरीज कोणी हात लावायचा नाही. गाडीचीही जवारी असते. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली की ती वळणावर बिथरते. चाकाचा व्यास बदलला की वेगदर्शक काटा खोटे सांगू लागतो. जादा दिव्यांचा भार मूळच्या तारांवर टाकला की आगीची भीती. आणि सायलेन्सर पोकळ करून जो कर्कश आवाज काढतात, त्यात कोणती कला आहे, हे सुरांत आयुष्य घालवूनही मला उमगलेले नाही. आजारी शेजाऱ्याची झोप मोडणे हा छंद नव्हे. निरनिराळे स्वर एकापाठोपाठ काढणारा भोंगाही मोटार नियमांना मंजूर नाही, आणि एक संगीतशिक्षक या नात्याने माझी त्याबद्दल काही तक्रार नाही!

कायदा कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. रंग बदलला तर नोंदणीपुस्तकात तशी नोंद हवी. तथापि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दिव्यांगांना चालवता यावी म्हणून गाडीत बदल करण्याची वाट मोकळी केली. म्हणजे फेरफार मुळातच पाप आहे असे कायदाही म्हणत नाही. तो कशासाठी आणि कोणाच्या हातून होतो, हे पाहतो.

येथेच आपल्या शहरांचे कर्तव्य सुरू होते. फ्लेक्स आल्यापासून पाट्या रंगवणारे किती हात रिकामे झाले! ज्वाळा काय, छापील चिकटपट्टीनेही उमटते. पण एका दमात ओढलेली ब्रशची रेघ त्या पेंटरकडेच शिकावी लागते. महाविद्यालयांनी अशा पेंटरांना आणि अनुभवी फिटरांना मानधन देऊन कार्यशाळेत बोलवावे. परिवहन अधिकाऱ्यांनीही वर्षातून एक दिवस तेथे येऊन काय चालेल आणि काय चालणार नाही, ते मुलांना गाडीवर हात ठेवून दाखवावे. दंडाची पावती मुलाला भीती शिकवते, विद्या नव्हे. आणि पालकांनी मुलाला ‘हे काय चाळे?’ असे विचारण्यापूर्वी एवढेच विचारावे: ‘ब्रेक तपासलास का?’ त्याचे उत्तर समाधानकारक असेल, तर ज्वाळांचा रंग त्याचा त्याला निवडू द्यावा.