खांदा बसला, खेळाडू उठला?

गुढीपाडवा सरला की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत यात्रांचा हंगाम सुरू होतो. सकाळी देवाची पालखी, दुपारी बैलगाडे आणि ऊन उतरले की आखाडा. पुढे श्रावणी सोमवारी ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या यात्रेतही कुस्त्या होतात आणि थंडीत गावोगाव दिव्यांच्या उजेडात कबड्डीचे सामने रंगतात. या मैदानांवर एक प्रसंग वारंवार दिसतो. खेळाडू दंड धरून कडेला येतो. कुणी जाणता माणूस त्याचा हात धरून ओढतो, कट्ट असा आवाज होतो, खांदा बसतो आणि पोरगा पुन्हा मैदानात उतरतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मला या टाळ्यांविषयीच लिहायचे आहे, कारण शाळेत मुलांना कबड्डी शिकवताना त्यांची किंमत कोण मोजते ते मी पाहत आलो आहे.

खांदा हा शरीरातला सर्वांत मोकळा सांधा. मांडीचे हाड उखळात मुसळ बसावे तसे खोल बसलेले असते. खांद्याचे मात्र बशीवर लिंबू ठेवावे तसे असते. म्हणून तर हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच तो निसटतो. या बशीला कूर्चेची एक मऊ कड असते. खांदा पुढच्या बाजूला निखळतो तेव्हा (आणि शंभरातले सुमारे पंच्याण्णव खांदे पुढेच निखळतात) ही कड बहुधा फाटते. लंडनचे शल्यचिकित्सक बँकार्ट यांनी १९२३ मध्ये वारंवार निखळणाऱ्या खांद्याचे मूळ या फाटलेल्या कडेत असल्याचे मांडले. हाड जागेवर बसवल्याने ती कड जुळत नाही. दुखणे थांबते, दार मात्र उघडेच राहते.

हे दार तरुणांच्या बाबतीत अधिक सताड उघडे असते. विशीच्या आत पहिल्यांदा खांदा निखळला आणि खेळ धक्काबुक्कीचा असला, तर तो पुन्हा निखळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. कबड्डीत तर धोक्याच्या साऱ्या अवस्था एकत्र येतात. पकडीत सापडलेला चढाईपटू मध्यरेषेकडे हात लांबवतो आणि मागून चौघे त्याला खेचतात. साखळी धरलेल्या बचावपटूचा पसरलेला हात मागे फेकला जातो. दर वेळी हाडाची कड थोडी झिजते आणि पुढच्या वेळी कमी जोर पुरतो. माझ्या पाहण्यातल्या एका मुलाचा खांदा पहिल्यांदा सामन्यात निखळला, दुसऱ्यांदा सरावात आणि तिसऱ्यांदा सदरा काढताना. त्यानंतर तो रात्री कुशीवर वळायलाही भीत असे.

मग ही मुले सांगत का नाहीत? त्यांना कळत नाही असे नाही, त्यांना परवडत नाही. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. पोलीस भरतीत गोळा फेकावा लागतो. वारंवार निखळणारा खांदा सैन्यभरतीत अपात्र ठरवू शकतो. ज्या घरात दोन एकर रान आणि तीन भावंडे, तिथे हा खांदा म्हणजे कुटुंबाची आशा असते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा हंगाम भरात असताना जवान मुलगा हात झोळीत घालून बसलेला कोणत्या बापाला पाहवेल? तो क्रेट उचलतो आणि खांदा पुन्हा जातो.

आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण पाहा. २३ मार्च २०२१ रोजी गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध एकदिवसीय सामन्यात चेंडू अडवताना श्रेयस अय्यरचा डावा खांदा निसटला. त्या वेळी तो आयपीएलमध्ये दिल्लीचा कर्णधार होता. त्याने एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया करून घेतली. हंगामाचा पहिला भाग हुकला, कर्णधारपदही गेले. सप्टेंबरमध्ये तो परतला आणि नोव्हेंबरमध्ये कानपूरला पहिल्याच कसोटीत त्याने शतक ठोकले. त्याच्यामागे मंडळ होते, पैसा होता, हे खरेच. पण थांबण्याचा निर्णय पैशाइतकाच समजुतीचाही असतो, आणि ती समजूत गावात आणायला कोणाची परवानगी लागत नाही.

पहिल्यांदा खांदा निखळला की हात ओढू नये. उपरण्याची झोळी करून तो अंगाशी बांधावा आणि रुग्णालय गाठावे. हाड बसवणाऱ्या जुन्या माणसांच्या हाताला गुण असतो, हे मी नाकारत नाही. परंतु आत हाड मोडले आहे का, हे बोटांना दिसत नाही. दंडाच्या बाहेरच्या अंगाला बधिरपणा असेल तर शिरेला इजा झालेली असू शकते. म्हणून आधी क्ष-किरण तपासणी. पुढे दोन-तीन आठवडे झोळी, आणि मग काही महिने व्यायाम.

इथे आखाड्याचा सल्ला आडवा येतो, ‘जोर मार, खांदा भरेल.’ जोरांनी छाती आणि दंड भरतात. हाडाला बशीत धरून ठेवणारे स्नायू लहान आणि आत दडलेले असतात. त्यांच्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा खिडकीला बांधून, कोपर अंगाशी ठेवून, फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे हळूहळू ओढायचा असतो. त्याला कोणी टाळ्या वाजवत नाही. मुद्गल फिरवणे मात्र थांबवावे. त्यात हात डोक्यामागे जातो आणि खांदा नेमका त्याच अवस्थेत निसटतो. एवढे करूनही तो पुन्हा निखळला, तर शस्त्रक्रियेविषयी अस्थिरोगतज्ज्ञाशी मोकळेपणाने बोलावे. त्यानंतर मैदानात परतायला साधारण सहा महिने लागतात. वर्षभराचा हंगाम जातो. पण हाताचे आयुष्य वाचते.

भीती हा या दुखण्याचा दुसरा अर्धा भाग आहे. खांदा बरा झाला तरी मन हात पुढे करू देत नाही. अशा मुलाला ‘घाबरट’ म्हणणारा प्रशिक्षक त्याला दुसऱ्यांदा जायबंदी करतो. त्याला साखळीतून काढून वेगळी जागा द्यावी, पंच म्हणून उभे करावे, पण संघातून तोडू नये.

आणि यात्रा समित्यांना व क्रीडा मंडळांना एक विनंती. बक्षिसांच्या रकमा दरवर्षी वाढतात. त्यातला थोडा भाग जखमी खेळाडूच्या तपासणीसाठी बाजूला ठेवा. खांदा निखळलेला खेळाडू त्या स्पर्धेत पुन्हा उतरणार नाही, असा नियम करा आणि तो ध्वनिक्षेपकावरून जाहीर करा. नियम असला की माघारीची लाज मुलाच्या माथी बसत नाही. मग टाळ्याही वाजवाव्यात, त्याला मैदानाबाहेर नेताना. पंचविशीनंतर ज्या हाताने त्याला लेकराला उचलायचे आहे, तो हात एका ढालीपेक्षा नक्कीच मोलाचा आहे.