'शिकारीची' रायफल आणि सरकारचा विश्वास

विदर्भातल्या एका गावचे प्रकरण सध्या माझ्याकडे आहे. गायरानावर वहिती करणारी आपली चार घरे. शेजारचा मोठा शेतकरी एका सकाळी बांधावर आला, खांद्यावरची रायफल त्याने खाली घेतली, बोल्ट मागेपुढे केला आणि एक शब्दही न बोलता परत गेला. गोळी सुटली नाही. जातीवरून शिवीसुद्धा दिली नाही. पण त्या रात्री चारही घरांतल्या बायका आणि पोरे नातेवाइकांकडे निघून गेली आणि पंधरा दिवस परतली नाहीत. उभे पीक तसेच राहिले.

आम्ही अर्ज दिला की, अॅट्रॉसिटी कायद्याच्या नियमांनुसार या माणसाचा शस्त्रपरवाना रद्द करावा आणि रायफल सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यावी. उत्तर आले ते दोन ओळींचे. सदर शस्त्र परवानाधारक असून शिकारीचे, म्हणजे स्पोर्टिंग प्रकारचे आहे, लष्करी बनावटीचे नाही, सबब कार्यवाहीची आवश्यकता दिसून येत नाही.

'स्पोर्टिंग' या एका शब्दाने माझा अर्ज फायलीत गेला. मला हत्यारातले काही कळत नव्हते, हे आधी कबूल करतो. वकिलाला कलमे पाठ असतात, नळीतले आटे माहीत नसतात. म्हणून मी आमच्याच वस्तीतल्या एका निवृत्त हवालदारांकडे गेलो. महार रेजिमेंटमध्ये आयुष्य घालवलेला माणूस. वस्तीत सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांना ते उत्तर वाचून दाखवले. काका हसले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, गोळी लागली का मंग तिले कोनी इचारत नाही, तू शिकारीची का पलटनीची."

नंतर मी पुस्तके आणि नियम उघडून बसलो. काकांनी गमतीत सांगितलेली गोष्ट तांत्रिकदृष्ट्याही खरी निघाली. त्या शेतकऱ्याची रायफल पॉइंट ३१५ बोअरची आहे. ती बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात तयार होते. याच कारखान्याने इंग्रजांच्या आणि नंतर आपल्या सैन्यासाठी पॉइंट ३०३ ची, आपल्याकडे जिला थ्री नॉट थ्री म्हणतात ती ली-एनफिल्ड रायफल बनवली. दोन्हींचे बोल्ट मागे ओढून काडतूस भरण्याचे यंत्र एकाच घराण्याचे. फरक काय? लष्करी रायफलीचे लाकूड नळीच्या टोकापर्यंत जाते, शिकारीच्या रायफलीचे अर्ध्यावर थांबते. लष्करी रायफलीला पुढे संगीन लावायची सोय असते, हिला नसते. तिच्या मॅगझिनमध्ये दहा गोळ्या मावतात, हिच्यात पाच. आणि नळीच्या व्यासातला फरक एका इंचाच्या हजार भागांतले बारा भाग. म्हणजे ०.३ मिलिमीटर. वहीची तीन पाने एकावर एक ठेवा, तेवढा.

हा तीन पानांचा फरक कशासाठी ठेवला? शिकार चांगली व्हावी म्हणून नव्हे. लष्कराचे काडतूस नागरिकाच्या रायफलीत बसू नये, एवढ्याचसाठी. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाचे पितळी कवच ५६ मिलिमीटर लांब, पॉइंट ३१५ चे ५० मिलिमीटर. बराकीतून चोरलेले काडतूस या नळीत शिरतच नाही. इंग्रज सरकारला भीती होती ती आपल्याच सैन्याच्या गोळ्या उद्या आपल्यावर उलटण्याची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने हिंदुस्थानात पॉइंट ४५० बोअरवरही बंदी घातली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या. मग साहेबांच्या वाघाच्या शिकारीचे काय? लंडनच्या बंदूकवाल्यांनी लगेच पॉइंट ४६५, पॉइंट ४७० असे नवे बोअर पुढे आणले. साहेबाची शिकार थांबली नाही.

याच्या मागे आणखी जुना इतिहास आहे. १८५७ नंतर हिंदी शिपायांना एनफिल्डचीच, पण आतले आटे काढून गुळगुळीत नळीची बंदूक दिली गेली. दिसायला तीच, नेम मात्र जवळच्या अंतरापुरता. गोऱ्या सोल्जराच्या हाती आटे असलेली, लांब पल्ल्याची. तोफखाना तर जवळजवळ पूर्ण गोऱ्यांकडे. पुढे पोलीस आणि पहारेकरी यांच्यासाठी ईशापूरमध्ये पॉइंट ४१० ची मस्केट बनली. ती म्हणजे थ्री नॉट थ्रीचीच रायफल, नळी पोखरून गुळगुळीत केलेली आणि एका वेळी एकच गोळी घेणारी. पगार सरकारचा, गणवेश सरकारचा, पण विश्वास एका गोळीपुरता. एखाद्या जुन्या संग्रहालयात ही मस्केट कधी दिसली तर जरूर थांबून बघा. राज्यकर्ता प्रजेकडे कोणत्या नजरेने बघतो, हे लोखंडात असे कोरलेले क्वचितच सापडते.

आपल्या समाजाला ही नजर वेगळी समजावून सांगायची गरज नाही. १८१८ साली कोरेगावला लढलेले महार १८९० च्या दशकात 'लढाऊ जमात' नाहीत असे ठरले आणि त्यांची लष्करभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली, गरज संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिची दुसरी बटालियन आपल्या कामठीला उभारली गेली. या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर दोन व्हिकर्स मशीनगन आहेत. म्हणजे ज्यांच्या हाती रायफल द्यायला सरकार तयार नव्हते, तेच पुढे मशीनगनचे मानकरी झाले. माणसे तीच होती. बदलले ते सरकारचे मत.

आता स्वतंत्र भारताच्या कायद्याकडे येऊ. १८७८ च्या लिटनच्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनाला त्यातून वगळले. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचे तोंड बांधणारा कायदाही आला, हे वर्तमानपत्राच्या वाचकाने लक्षात ठेवावे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने वंशभेद काढला. पण बोअरची भिंत तशीच राहिली. २०१६ च्या शस्त्र नियमांची पहिली अनुसूची काढून पाहा. पॉइंट ३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर बोअरच्या बोल्ट अॅक्शन व सेमी-ऑटोमॅटिक रायफली, आणि ज्यांत या बोअरचे लष्करी काडतूस बसून उडू शकते अशा इतर कोणत्याही बोअरच्या रायफली, निषिद्ध वर्गात आहेत. पॉइंट ४१० ची ती बिचारी मस्केटही तिथेच. पॉइंट ३१५ मात्र साध्या परवान्याला पात्र. कसोटी काडतूस कोणाचे ही आहे, जखम किती होते ही नाही.

आणि जखमेबद्दल तर उलटेच आहे. सैन्याची गोळी पूर्ण धातूच्या आवरणात असते, कारण शरीरात शिरल्यावर फुलणाऱ्या गोळीवर १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात बंदी घातली. ही फुलणारी गोळी इंग्रजांनी कोलकात्याजवळच्या दमदमला बनवली होती, म्हणून जगभर तिला दमदम म्हणतात. शिकारीच्या काडतुसावर ही बंदी लागू नाही. मऊ टोकाची, आत जाऊन पसरणारी गोळीच शिकारीला वापरतात, कारण जनावर जागेवर पडावे हा हेतू असतो. पॉइंट ३१५ ची गोळी वजनाने थ्री नॉट थ्रीच्या गोळीपेक्षा जड आहे, सुमारे दीडपट. वेग कमी, पण समोर माणूस असेल तर त्याला या हिशेबातून काही सवलत मिळत नाही. 'केवळ शिकारीचे शस्त्र' असे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने 'केवळ' हा शब्द कुठून आणला, हे मी सुनावणीत विचारणार आहे.

लष्करी आणि नागरी शस्त्रात खरा, मोठा फरक एकच आहे, तो चापाच्या आत. चाप दाबून धरला की मॅगझिन रिकामे होईपर्यंत किंवा चाप सोडेपर्यंत गोळ्या सुटत राहतात, ते स्वयंचलित शस्त्र. १९५९ च्या कायद्यातल्या निषिद्ध शस्त्राच्या व्याख्येत नेमके हे शस्त्र येते. एसएलआर एका दाबाला एक गोळी सोडते, पण पुढचे काडतूस आपोआप भरते. इन्सास एका दाबाला तीनही सोडते. बोल्ट अॅक्शनमध्ये प्रत्येक गोळीमागे हाताने बोल्ट ओढावा लागतो. हा फरक खरा आहे आणि गर्दीवर गोळीबार करणाऱ्याच्या बाबतीत तो जीवघेणा ठरतो. अमेरिकेत लष्कराच्या एम-१६ चे नागरी भावंड असलेली एआर-१५ दुकानात मिळते. चापाच्या आतले दोन-चार भाग वेगळे, बाकी सगळे तेच. १९९४ साली तिथल्या कायद्याने अशा रायफलींवर बंदी आणली, पण संगीन लावायची सोय, घडीचा दस्ता, नळीच्या टोकाचा ज्वालारोधक अशा बाह्य खुणा मोजून. कारखानदारांनी खुणा काढल्या आणि रायफली विकत राहिले. २००४ साली कायद्याची मुदतही संपली. न्यूझीलंडने वेगळी वाट धरली. मार्च २०१९ मध्ये ख्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसे मारली गेल्यावर महिनाभरात बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक शस्त्रे तिथे कायद्याने बंद झाली. तिथे लाकूड आणि संगीन मोजत बसले नाहीत.

पण आपल्या गावात गर्दीवर गोळीबाराचा प्रश्न नाही. आपल्या गावात बोल्टचा आवाज पुरतो. चार घरे उठवायला पाच गोळ्यांचे मॅगझिनही लागत नाही, रिकामी रायफलसुद्धा चालते. अशा ठिकाणी रायफल लष्करी की शिकारीची, हा प्रश्न विचारणे म्हणजे मूळ प्रश्न टाळणे. मूळ प्रश्न ती कोणाच्या हाती आहे आणि कोणाविरुद्ध उचलली गेली, हा आहे. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकार जवळजवळ बंदच झाली. मग गावातल्या या शिकारीच्या रायफली कोणती शिकार करतात, हे कोणी तरी विचारावे.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ यातला नियम ३ हा याच प्रश्नाचे उत्तर आहे. जिथे अत्याचाराची शक्यता आहे असा भाग सरकारने निश्चित करायचा. त्या भागात आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींचे नसलेल्यांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरचाकरांचे आणि घरच्या मित्रांचेही परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा शस्त्रे जप्त करायची. आणि जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी गरज असेल तर आपल्या लोकांना परवाने द्यायचे. या नियमात बोअरचा उल्लेख नाही, लष्करी आणि स्पोर्टिंग असा भेदही नाही. शब्द आहे तो शस्त्रपरवाना. माझ्या अर्जाला दिलेले उत्तर या नियमात कुठेच बसत नाही.

शेवटच्या तरतुदीबद्दल आपल्या तरुणांमध्ये उत्साह असतो. आम्हालाही परवाने द्या, असे ते सभेत म्हणतात. हक्क म्हणून ते बरोबरच आहे. शस्त्र कायद्याचे कलम १४ तर स्पष्ट सांगते की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. हे कलम पाठ करून ठेवा, कारण टेबलामागचा माणूस पहिला प्रश्न सातबाऱ्याचाच विचारतो. तरीही माझे मत थोडे वेगळे आहे आणि काहींना ते आवडणार नाही. चार घरांत एक रायफल आली म्हणून चारशे घरांचे गाव बदलत नाही, आणि उद्या गुन्हा दाखल झाला तर पहिले नाव आपल्या पोराचे असते. मी आधी समोरचे शस्त्र खाली आणण्याचा आग्रह धरीन. त्या चार घरांतल्या बायकांनीही मला तेच सांगितले. त्यांना रायफल नको होती, बांधावरची रायफल नको होती.

जिल्हा दक्षता व संनियंत्रण समितीची बैठक नियमानुसार तीन महिन्यांतून एकदा तरी झाली पाहिजे. तिच्यावर आपले अशासकीय सदस्य असतात. त्यातले काही फक्त चहापाण्याला जातात, हेही सांगून टाकतो. त्यांनी पुढच्या बैठकीत लेखी मागावे की, अत्याचाराचे गुन्हे नोंदलेल्या गावांत किती शस्त्रपरवाने आहेत, त्यातले आरोपींच्या घरात किती, आणि नियम ३ खाली आजवर किती जमा झाले. कार्यकर्त्यांनी तक्रार लिहिताना 'बंदूक दाखवली' एवढ्यावर थांबू नये. हाताने बोल्ट ओढला की नाही, मॅगझिन लावलेले होते का, दस्ता लाकडी होता का, उभा होता तो किती पावलांवर, कोणाकोणाने पाहिले, हे लिहावे. परवान्यावर शस्त्राचा क्रमांक, बोअर आणि किती काडतुसे ठेवता येतात ते नोंदलेले असते. त्याची प्रत मागावी आणि खरेदीची नोंद जुळवून पाहावी.

आमच्या प्रकरणात मी नवा अर्ज दिला आहे. त्याला काकांनी काढलेले एक चित्र जोडले आहे. डावीकडे थ्री नॉट थ्रीचे काडतूस, उजवीकडे पॉइंट ३१५ चे, आणि खाली त्यांच्या थरथरत्या अक्षरात दोन्ही गोळ्यांची वजने. पुढची तारीख महिनाअखेरीची आहे. चारपैकी तीन कुटुंबे परत आली आहेत.