सब-वूफर ऐकू येता कामा नये

मंडळी, शीर्षक वाचून काही जण विचारतील, मग तो घ्यायचाच कशाला? सांगतो.

हल्ली आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या घरांतही चांगले स्पीकर आणि जोडीला एखाद-दुसरा सब-वूफर दिसतो. आनंदाचीच गोष्ट आहे. पण वरातीतल्या डीजेने आपल्याला एक खोड लावली आहे. धमधम म्हणजे बास, आणि जास्त धमधम म्हणजे जास्त चांगला बास! माझं मत नेमकं उलटं आहे. सब-वूफर वेगळा ऐकू आला, की समजावं मांडणी चुकली.

ही मांडणी करतो तो क्रॉसओव्हर. सोप्या भाषेत, आवाजाची वाटणी करणारा. एका रेषेखालचे खर्जातले आवाज सब-वूफरला, वरचे मुख्य स्पीकरला. डिजिटल क्रॉसओव्हरमध्ये ही रेषा, तिचा उतार आणि प्रत्येकाला द्यायचा विलंब, सगळं आकड्यांत ठरवता येतं. 80 हर्ट्झची रेषा आणि सप्तकामागे 24 डेसिबलचा उतार, ही सुरुवात बहुतेक घरांत चालते. लिंक्विट्झ आणि रायली यांच्या नावाने ओळखला जाणारा उतार निवडावा. त्यात हद्दीवर दोन्ही आवाज नीट जुळतात.

आता विलंब. ध्वनीला एक मीटर जायला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात. सब-वूफर लांब कोपऱ्यात आणि स्पीकर जवळ असतील, तर जवळच्यांना तेवढं थांबवायचं. वर्गात सगळ्यांनी एका सुरात पाढे म्हणायचे, तर पुढच्या बाकाने घाई करून चालत नाही, तसंच हे! टेपने अंतर मोजून सुरुवात करावी, पण फिल्टरमुळेही उशीर होतो, म्हणून मोजणीचा मायक्रोफोन लावून पडताळावं. 'आमचे कान तयार आहेत' असं म्हणणारे बरेच भेटतात. असतील. पण वय वाढलं की वरचे सूर कमी ऐकू येतात, हे काही कुणाला चुकत नाही. मायक्रोफोनला वय नसतं.

खोलीचंही ऐकावं लागतं. 12 फुटी खोलीत त्या लांबीच्या दिशेने 47 हर्ट्झच्या आसपासचा आवाज घुमतो. भिंतीला टेकून बसलं तर तो अंगावर येतो, मधोमध बसलं तर जवळजवळ नाहीसा होतो. हा खड्डा यंत्राने भरत नाही. खुर्ची किंवा सब-वूफर सरकवणं हाच उपाय, आणि तो फुकट आहे!

परीक्षेला मात्र सिनेमातले स्फोट लावू नका. तंबोरा लावा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार 69 हर्ट्झच्या जवळ असते, म्हणजे अगदी आपल्या हद्दीवर. तिचा मूळ नाद सब-वूफरमधून येणार आणि झंकार स्पीकरमधून. जुळणी बरोबर असेल तर एकच तार ऐकू येते. चुकली असेल तर कोपऱ्यात कुणीतरी वेगळं घुमतंय असं वाटतं. मग भजनातला पखवाज ऐका. डाव्या पुडीला कणीक लावून तो खर्ज आपल्या लोकांनी कधीचा साधलाय. त्यात घुमारा असतो, गोंगाट नसतो.

शेवटचा मुद्दा शेजाऱ्यांचा. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. पण ही मोजणी ज्या 'ए' पद्धतीने होते, तिच्यात 50 हर्ट्झचा आवाज सुमारे 30 डेसिबलने कमी धरला जातो. म्हणजे मीटर गप्प राहील आणि शेजारच्या आजारी माणसाच्या डोक्यावरचे पत्रे मात्र थरथरतील. आमच्या गावांत भिंतीला भिंत लागून घरं आहेत. खालचे सूर भिंत सहज ओलांडतात. तेव्हा नियमात बसलो म्हणजे झालं असं नाही. एकदा स्वतःच शेजाऱ्यांच्या ओटीवर जाऊन ऐकावं. तिथे धमधम पोहोचत असेल तर सब-वूफर खाली आणावा, भिंतीपासून दूर घ्यावा, आणि रात्री सरळ बंद ठेवावा.

डिजिटल क्रॉसओव्हरचा खरा उपयोग मला इथे वाटतो. बास वाढवायला नव्हे, त्याला हद्द घालून द्यायला. आपल्या घरात तंबोरा पूर्ण वाजावा आणि शेजारी शांत झोपावा, एवढं जमलं तर पैसे वसूल. पाहा पटतं का.