‘मावशी आहेत ना!’

सुजॉय घोष यांचा ‘अनुकूल’ हा लघुपट दाखवून झाल्यावर आपल्या मंडळाच्या चहापानात एकाच विषयावर बोलणं झालं: यंत्रं माणसांच्या नोकऱ्या खाणार का? आपल्याकडे आयटीतली मंडळी जास्त, त्यामुळे ते साहजिकच होतं. पण माझ्या मते हा लघुपट यंत्रांबद्दल नाहीच. तो नातेवाइकांबद्दल आहे. त्यातही घरात राहायचं नाही, घरातलं काही करायचं नाही, पण घरावरचा हक्क मात्र सोडायचा नाही, अशा नातेवाइकांबद्दल. म्हणजे बऱ्याच अंशी आपल्याबद्दल.

गोष्ट शेवटासकट सांगते, कारण माझा सगळा मुद्दा शेवटात आहे. लघुपट जेमतेम वीस मिनिटांचा आहे. ज्यांचा हुकला त्यांनी आधी पाहून यावा. कोलकात्यात एकटे राहणारे हिंदीचे मास्तर निकुंज (सौरभ शुक्ला) घरकामाला अनुकूल नावाचा यंत्रमानव आणतात. परमब्रत चट्टोपाध्यायने तो इतका अदबशीर केला आहे की थोड्या वेळाने त्या अदबीचीच भीती वाटू लागते. अनुकूल घर सांभाळतो, मास्तरांची पुस्तकं वाचतो आणि गीतेवरून प्रश्न विचारतो. आपल्याच भाऊबंदांशी लढणं बरोबर कसं? मास्तर त्याला धर्म समजावून सांगतात. मास्तरांच्या भावाची, रतनची, नोकरी यंत्रमानवांमुळे गेलेली. तो राग तो अनुकूलला इस्त्रीने मारून काढतो. पुढे मास्तरांची नोकरीही यंत्राकडे जाते, आणि नेमकं तेव्हाच रतनला वारशाचं घबाड मिळतं. अनुकूल रतनला विजेचा झटका देतो. रतन जातो, आणि त्याचा पैसा जवळचा नातेवाईक म्हणून निकुंजकडे येतो. गीतेचा तास फुकट गेला नाही!

लघुपट 2017 चा. मूळ कथा सत्यजित राय यांची, 1976 ची. कथेत रतन नाही, निवारण नावाचे श्रीमंत काका आहेत. पण मला कथेतली सगळ्यात मोलाची जागा वाटते ती सुरुवातीची, दुकानातली. चौरंगीतल्या एजन्सीचा माणूस गिऱ्हाइकाला अटी सांगतो. याला अरे-तुरे केलेलं चालणार नाही. अंगावर हात टाकलेला तर मुळीच नाही. टाकलात, तर उजव्या हाताच्या तर्जनीतून हा जबर झटका देऊ शकतो, त्यात माणूस मरूही शकतो, आणि यंत्राला शिक्षा करायची सोय कायद्यात नाही. फ्रिजची वॉरंटी वाचून दाखवावी अशा सुरात हे सगळं येतं आणि आपण हसतो. आता जरा विचार करा, 1976 साली आपल्याकडच्या कुठल्या घरात गडी ठेवताना गड्याच्या अटी ऐकून घेतल्या जात होत्या? रायांनी नोकराला दोन गोष्टी दिल्या: मान मागण्याचा हक्क, आणि तो मोडला तर काहीतरी करून दाखवण्याची ताकद. त्या देण्यासाठी त्यांना नोकर यंत्राचा करावा लागला. हाडामांसाचा गडी असता तर दुसऱ्या पानावर पोलीस आले असते आणि विनोद तिथेच संपला असता.

हाडामांसाच्या बायकांनी आपल्या अटी ऐकवल्या त्या चार वर्षांनी, पुण्यात. 1980 मध्ये तिथल्या मोलकरणींनी संप केला. मागण्या अगदी साध्या होत्या: पगारवाढ आणि आजारपणाची रजा. पुणे शहर मोलकरीण संघटना त्यातूनच उभी राहिली. मध्यमवर्गाला बसलेला तो झटका तर्जनीचा नव्हता, मोरीत साठलेल्या खरकट्या भांड्यांचा होता; पण कुणाच्या जिवावर कोण जगतं याचा उलगडा तेवढ्याने झाला.

आता कथा आणि लघुपट शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत मरतो तो बाहेरून आलेला नातेवाईक. कथेतले काका मुक्कामाला आलेले असतात. अनुकूल त्यांची एक चूक दाखवून देतो आणि ते हात उचलतात. रतनही येऊन-जाऊन असणाराच. दोघांकडे रक्ताचा हक्क आहे, त्या घरातलं काम नाही. अनुकूलकडे सगळं काम आहे, हक्क कसलाच नाही. मधे निकुंज: त्याला कामाचाही फायदा मिळतो आणि वारशाचाही, आणि त्याने केलेलं एकमेव पुण्य म्हणजे नोकराशी नीट बोलणं. काळा विनोद यालाच म्हणतात. कुणी रडत नाही, कुणी सुधारत नाही, हिशेब मात्र चोख जुळतो.

आता रतनच्या जागी आपल्याला ठेवून पाहा. परदेशात राहणारे आपण डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी घरी जातो तेव्हा काय करतो? झोपेची वेळ जुळायच्या आत स्वयंपाकघरात शिरून डबे उघडतो. चहात साखर कशाला घालता? ही गोळी जेवणाआधीची की नंतरची? दूध एवढं कसं लागतं? दुपारी आईला फिरवून आणता ना? आईला सांभाळायला ब्युरोमार्फत ठेवलेल्या मावशी पदराला हात पुसत उत्तरं देतात. बिनसाखरेचा चहा दिला की आई दिवसभर दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही, हे त्यांना माहीत असतं. आपल्याला मागच्या तिमाहीचा शुगर रिपोर्ट माहीत असतो. हात कुणी उचलत नाही, आपण सुशिक्षित आहोत. पण मावशींनी आपली चूक दाखवली की आवाज चढतो. त्यांना आई ‘अहो मावशी’ म्हणते, आणि आपण आल्या आल्या, वयाने धाकट्या असल्या तर, सरळ ‘अगं’वर येतो.

‘मावशी आहेत ना!’ हे आपलं आवडतं वाक्य. इथली नोकरी, व्हिसा, घराचा हप्ता, मुलांच्या शाळा, उन्हाळ्यातली सहल हे सगळं त्या तीन शब्दांवर उभं आहे. परावलंबी कोण म्हटलं की आपण आईकडे बोट दाखवतो, कारण तिला अंघोळीला माणूस लागतो. ब्युरोच्या मावशी एका सकाळी आल्या नाहीत आणि बदली बाईही मिळाली नाही, तर विमानाची तिकिटं कोण शोधायला लागतं? आई नाही. आईला शेजारच्या वहिनी चहा देतात. गडबडतो तो भावंडांचा व्हॉट्सॲप ग्रुप. एक जण न्यू जर्सीतून ब्युरोला फोन लावतो, दुसरी सिडनीतून हॉलमधल्या कॅमेऱ्यात डोकावते, तिसरा पुण्यातच असतो पण त्याला मीटिंग असते. त्या चोवीस तासांच्या मावशींना महिन्यात सुट्ट्या किती, ब्युरो त्यांच्या पगारातून किती कापतं, त्या रात्री कुठे झोपतात, हे त्या ग्रुपवर विचारून पाहा.

मराठी रंगभूमीने आपल्याला या विषयावर रडायला शिकवलं आहे. ‘नटसम्राट’ 1970 चं, जयवंत दळवींचं ‘संध्याछाया’ त्यानंतर थोड्याच वर्षांनी आलेलं. एकात मुलांना सगळं वाटून बसलेला बाप, दुसऱ्यात मुलांविना एकटे पडलेले म्हातारा-म्हातारी. दोन्ही नाटकं थोरच आहेत, त्यांचं मोल कमी करायचं नाही. पण या नाटकांतून बाहेर पडताना आपण हलके होतो, ही माझी तक्रार आहे. डोळे पुसले, पार्किंगमधूनच आईला फोन केला, झालं प्रायश्चित्त. ‘अनुकूल’ अशी पळवाट ठेवत नाही. त्यात कुणाची कीव येत नाही, त्यामुळे रडून मोकळं होता येत नाही.

कायद्याचं बघा. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा आपल्यापैकी अनेकांनी नावाने ऐकला असेल. मुलांनी सांभाळायचं, हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं कलम. कमी माहीत असलेलं असं: ज्या ज्येष्ठाला मूलबाळ नाही, त्याची मालमत्ता ज्या नातेवाइकाकडे आहे किंवा जाणार आहे, त्याने ऐपत असेल तर त्याला सांभाळलं पाहिजे. वारसा पाहिजे तर जबाबदारीही घ्या. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास परत मिळवायची सोयही त्यात आहे. ‘नटसम्राट’मधल्या अप्पा बेलवलकरांच्या हाती हे कलम असतं आणि त्यांनी देताना अट घातली असती, तर ते नाटक निर्वाह न्यायाधिकरणापुढेच आटोपलं असतं. पण या कायद्याने निर्वाहाची कमाल मर्यादा ठरवली ती महिना 10,000 रुपये. आज पुण्या-मुंबईत चोवीस तासांच्या मावशी त्यात येत नाहीत.

आणि प्रत्यक्ष सांभाळणारीचं काय? महाराष्ट्रात घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्ये झाला. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार 2011 चा. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. मृत्युपत्र नसेल तर 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा मुलगा, मुलगी, पती-पत्नी, आई, मग दूरदूरचे भाऊबंद असा शोध घेत जातो. दहा वर्षं डायपर बदलणारी बाई त्या यादीत कुठेच बसत नाही. अनुकूलही बसला नव्हता. सगळा फायदा मास्तरांना करून देऊन तो पुन्हा घरकामालाच लागला.

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला: आम्ही पैसे देतो ना! देता, मान्य. पण पैसे देऊन काम विकत मिळतं. रात्री तीनला उठून ‘आजी, काय होतंय?’ असं प्रेमाने विचारणं कुठल्या ब्युरोच्या दरपत्रकात नसतं, आणि नेमकं तेच आपण गृहीत धरून बसलेलो असतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: मावशी फसवतातही. दागिने जातात, औषधं चुकतात, म्हाताऱ्या माणसाला दटावलं जातं. खरं आहे, मीही अशी घरं पाहिली आहेत. कामवाली म्हणजे देवी असं मी म्हणतच नाही. रायांचा अनुकूल तरी कुठे संत आहे? त्याने खून केलेला आहे! मुद्दा चांगुलपणाचा नाही. घरात जो चोवीस तास असतो, घराची खरी किल्ली त्याच्याकडे असते, हा आहे. हे कबूल असेल तर व्यवहार त्या दर्जाचा करा. वरून कॅमेरा लावायचा आणि खाली ‘तुम्ही घरच्यासारख्याच’ म्हणायचं, हे दोन्ही एकदम चालत नाही. घरच्यासारखं या शब्दाखाली रविवारची सुट्टी कापली जाते, बाकी काही होत नाही.

मृत्युपत्राचा विषय निघाला की खरी गंमत. वडिलांनी मावशींच्या नावे बँकेतली थोडी रक्कम ठेवायची इच्छा बोलून दाखवली की एरवी एकमेकांचे फोन न घेणारी भावंडं एका सुरात बोलू लागतात: ‘त्या बाईने बाबांना फितवलं.’ फितवलं असेलही. दोन वेळा गरम भात वाढून आणि त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकून घेऊन. ही संधी आपल्यालाही होती.

मंडळ अधूनमधून मृत्युपत्र आणि भारतातली मालमत्ता यावर वकिलांचं व्याख्यान ठेवतं, सभागृह भरतं. पुढच्या खेपेला त्यातला अर्धा तास मावशींच्या व्यवहाराला द्यावा, अशी कार्यकारिणीला विनंती आहे. आणि या हिवाळ्यात घरी जाणाऱ्यांनी एक कागद करून यावा: पगार आणि दर वर्षीची वाढ, आठवड्याची सुट्टी, त्या दिवशीच्या बदली बाईचा खर्च कोणाकडे, आजारपणाची रजा, कॅमेरा कुठे कुठे आहे याची कल्पना, आणि अडचणीत मावशींनी फोन करायचा तो भावंडांपैकी नेमका कुणाला. आई-बाबांची बुद्धी शाबूत आहे तोवर त्यांना मावशींसाठी काही ठेवायचं आहे का, हेही विचारा आणि उत्तर आवडलं नाही तरी लिहून घ्या. ज्यांनी असा कागद आधीच केला आहे त्यांनी त्याचा नमुना, नावं काढून, संपादकांकडे पाठवावा. पुढच्या अंकात छापू.